‘भरड’ धान्य : शब्द, शेती आणि पोषण

‘भरड’ हे विशेषण मराठीत दळणाला लागते, निकृष्ट जमिनीला लागते आणि धान्यालाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेवरील तांदळाला किलोमागे ३, गव्हाला २ आणि भरड धान्याला १ रुपया दर ठरवला. शब्दातील उतरंड दरपत्रकातही आली.

पोषणाचे गणित मात्र उलटे आहे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. सडलेल्या तांदळात दहाच्या आसपास. कोकणात ही नाचणी डोंगरउताराच्या वरकस जमिनीवर येते. ती पिकवणारा बहुधा अल्पभूधारक असतो. (२०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार देशातील सुमारे ८६ टक्के खाती दोन हेक्टरांच्या आतली आहेत.) तांदूळ स्वस्त मिळू लागल्यावर नाचणीची कष्टाची लावणी सोडून त्याने मजुरीची वाट धरली, तर त्याचा हिशेब चुकला असे म्हणता येणार नाही, पण मुलांच्या ताटातील भाकरी त्या हिशेबात धरलेली नसते.

२०१८ मध्ये केंद्र शासनाने या धान्यांना ‘पौष्टिक तृणधान्ये’ असे नाव दिले. नाव काहीसे सरकारी असले तरी योग्य आहे. मात्र नाव बदलल्याने खरेदी केंद्र उघडत नाही.

स्वाध्याय : नाचणी, वरी, राळा यांची आपल्या परिसरातील नावे वडीलधाऱ्यांना विचारून नोंदवा. प्रत्येक पीक आपल्या गावात शेवटचे केव्हा पेरले गेले, तेही लिहा.