कॉफीचा चोथा: रोपाला नको, कंपोस्टला द्या



"कॉफीचा चोथा टाका, मिरची-टोमॅटो जोमात येतील" असे व्हिडिओ सध्या मोबाईलवर फिरतायत. परसबागेत आणि रोपवाटिकेत हा प्रयोग करायच्या आधी आजचा मेसेज शेवटपर्यंत वाचा. हायब्रीड मिरचीच्या बियाण्याचं पाकीट काय भावाने येतं ते तुम्हाला सांगायला नको. त्याची रोपं बसली तर हंगामाचे पंधरा-वीस दिवस हातचे जातात.

*चोथा कशाला म्हणायचं?*
आपण घरी दुधात घालतो ती झटपट कॉफी पूर्ण विरघळते. तिचा चोथा उरतच नाही. ती पावडर झाडाला घालणं म्हणजे पैसे मातीत घालणं. चोथा उरतो तो भाजलेल्या बियांची भरड गाळून केलेल्या कॉफीचा, म्हणजे फिल्टर कॉफी आणि हॉटेल-कॅफेतल्या मशीनची कॉफी. शहराजवळच्या सभासदांना तो सहसा फुकटात मिळू शकतो.

*थेट मातीत का नको?*
१) कॉफीच्या बीमध्ये कॅफिन आणि इतर काही द्रव्यं असतात. गाळल्यावरही ती चोथ्यात थोडी उरतात आणि कोवळ्या मुळांना, उगवणीला मारक ठरतात. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुळा, ब्रोकोली, सूर्यफूल अशा पिकांच्या मातीत ताजा चोथा मिसळला. सगळ्यांची वाढ खुंटली. वरून खत दिलं तरी फरक पडला नाही.
२) चोथा फार बारीक असतो. जाड थर दिला की वाळून त्याची पपडी होते आणि पाणी खाली न जाता बाजूला वाहून जातं.

म्हणून बियांचे वाफे, ट्रे, पिशवीतली रोपं आणि नुकतीच लावलेली रोपं यांना ताजा चोथा *अजिबात नको*.

*"चोथ्याने जमीन आम्लधर्मी होते", हे खरं का?*
नाही. कॉफीतलं बरंचसं आम्ल गाळताना पेयात उतरतं. चोथ्याचा सामू बहुतेक वेळा उदासीनच्या आसपास किंवा थोडा खाली असतो. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीचा सामू मूठभर चोथ्याने हलत नाही. पान पिवळं आणि शिरा हिरव्या दिसत असतील तर लोहाची कमतरता असू शकते. आधी माती तपासा, मग फेरस सल्फेटचं बघू. चोथ्यावर विसंबून राहू नका.

*युरियाच्या जागी चालेल का?*
हिशोब करू. वाळलेल्या चोथ्यात नत्र साधारण २ टक्के. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्क्यांप्रमाणे जवळपास २१ किलो नत्र. म्हणजे एका गोणीइतकं नत्र मिळवायला *साधारण १ टन वाळलेला चोथा* लागेल. ओला असेल तर निम्म्याहून जास्त वजन पाण्याचंच, म्हणजे २ टनांच्या पुढे. त्यातही चोथ्यातलं नत्र कुजल्याशिवाय पिकाला लागू होत नाही. त्यामुळे कोणी "ऑरगॅनिक खत" म्हणून गोणीच्या भावाने चोथा विकत असेल तर घेऊ नका. त्यासाठी गाडीभाडंही घालू नका. शहरातून गाडी रिकामी परत येतच असेल तर जरूर आणा.

*मग वापरायचा कसा?*
चोथ्याची खरी जागा कंपोस्टचा खड्डा. कुजताना त्यातली मारक द्रव्यं बरीचशी मोडतात आणि मातीला चांगला सेंद्रिय कर्ब मिळतो.

• चोथा आणल्या दिवशीच खड्ड्यात टाका, नाहीतर गोणपाटावर पातळ पसरून वाळवा. ओला ठेवला की बुरशी धरतो. बुरशी आलेला चोथाही कंपोस्टला चालतो.
• १ घमेलं चोथ्याला ४ घमेली बाकीचा माल घ्या: पालापाचोळा, सोयाबीनचं भुसकट, उसाचं पाचट, शेण. चोथा एकूण मालाच्या *पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको*.
• वरून शेणकाला शिंपडा. मुठीत दाबल्यावर ओल जाणवावी, पाणी ठिबकू नये.
• दर १५ दिवसांनी वरखाली करा. अडीच-तीन महिन्यांत खत तयार होतं.
• गांडूळ खताच्या बेडवर एकदम ओतू नका. मूठ-मूठ टाका, गांडुळं खाताना दिसली की पुढचं टाका.

मोठ्या झाडांना (लिंबू, पेरू, शेवगा) आच्छादनात वापरायचा असेल तर थर अर्ध्या इंचाच्या आत, खोडापासून लांब आणि वर पालापाचोळा.

*खत तयार झालं का? मेथीची परीक्षा*
एका कुंडीत साधी माती, दुसरीत निम्मी माती आणि निम्मं हे कंपोस्ट. दोन्हीत मेथीचे २०-२० दाणे टाका, पाणी सारखं द्या. आठवड्याने मोजा. दोन्हीकडे उगवण सारखी आणि रोपं हिरवीगार असतील तर खत वापरा. कंपोस्टच्या कुंडीत उगवण कमी किंवा रोपं पिवळी दिसली तर खड्डा अजून महिनाभर कुजू द्या.

*चहाच्या चोथ्याचं काय?*
पद्धत हीच. फक्त आधी पाण्याने धुऊन घ्या. साखर-दूध राहिलं की मुंग्या आणि माश्या येतात.

*एक काळजी:* कॅफिन कुत्र्याला विषारी आहे. चोथ्याचा ढीग उघडा ठेवू नका, खड्ड्यात टाकला की वर मातीचा थर द्या.

कोणी आधीच रोपांना चोथा घातला असेल तर वरचा थर हलक्या हाताने काढून घ्या आणि वाफ्याचा फोटो याच नंबरवर पाठवा. मेथीच्या दोन्ही कुंड्यांचे फोटोही पाठवा, बघून पुढचं सांगतो.

– कृषी सल्लागार,
आपली शेतकरी उत्पादक कंपनी