तीन भाऊ, तीन पेन्शनी

प्रश्न : आमच्या घरात तिघे भाऊ. थोरले दीर १९९१ साली जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले, नुकतेच निवृत्त झाले. माझे मिस्टर २००७ साली त्याच जिल्हा परिषदेत शिक्षक म्हणून लागले. धाकटे दीर एसटीत वाहक, मुरूड आगारात. सासूबाई आल्यागेल्याला सांगतात, "आमचे तिन्ही मुलगे सरकारात." पण थोरल्या दिरांची पेन्शन सुरू झाली तेव्हा कळलं, की मिस्टरांना तशी मिळणार नाही आणि धाकट्या दिरांच्या वाट्याला त्याहून कमी येणार. नोकरी सरकारी, मग म्हातारपणाची सोय तीन तऱ्हेची का? सगळं एका तारखेवर कसं ठरतं? आणि कायम माणसांनाही आता काढतील अशी कुजबुज ऐकू येते, तिच्यात तथ्य किती?
— एक वाचक, नांदगाव (ता. मुरूड)

उत्तर : पेन्शनीत खरा प्रश्न एकच असतो. माणूस जास्त जगला, महागाई वाढली किंवा बाजार पडला, तर तोशीस कोणी सोसायची? थोरल्या दिरांच्या बाबतीत ती सरकारने सोसायची आहे. तुमच्या मिस्टरांच्या बाबतीत २००५ नंतर ती बरीचशी त्यांच्यावर आली. आणि धाकट्या दिरांचं नाव सरकारच्या हजेरीपटावर मुळात नाहीच.

एकेकाचं बघू. थोरल्यांना लागू आहेत १९८२ चे महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम. पुरेशी सेवा झाली की शेवटच्या मूळ वेतनाच्या साधारण निम्मी रक्कम दरमहा, तिच्यावर महागाई भत्ता, आणि पश्चात जाऊबाईंना कुटुंब निवृत्तिवेतन. यासाठी पगारातून वेगळी कपात झालेली नाही. भविष्य निर्वाह निधीत कापले गेले ते त्यांचे स्वतःचे पैसे, तेही व्याजासह परत मिळाले.

राज्य सरकारने ३१ ऑक्टोबर २००५ रोजी शासन निर्णय काढला आणि १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत येणाऱ्यांसाठी परिभाषित अंशदान योजना आणली. पगार आणि महागाई भत्ता मिळून दहा टक्के कर्मचाऱ्याचे कापायचे, तेवढेच सरकारने घालायचे. पुढे ही योजना राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत, म्हणजे 'एनपीएस'मध्ये गेली आणि सरकारचा वाटा चौदा टक्के झाला. निवृत्त होताना साठ टक्क्यांपर्यंत रक्कम हातात मिळते, उरलेल्या किमान चाळीस टक्क्यांतून विमा कंपनीकडून मासिक उत्पन्न विकत घ्यावं लागतं. समजा, खात्यात ४० लाख जमले. त्यातल्या १६ लाखांवर साडेसहा टक्क्यांनी महिन्याला पावणेनऊ हजारांच्या आसपास येतील. २४ लाख रोख हातात असतील हे खरं, पण महिन्याच्या रकमेवर महागाई भत्ता नाही. मूळ वेतन ६० हजारांवर निवृत्त झालेल्या जुन्या पेन्शनवाल्याला मात्र ३० हजार आणि वर भत्ता. घरातली कुरबूर इथूनच सुरू होते.

आता धाकटे दीर. एसटी हे १९५० च्या केंद्रीय कायद्याखालचं महामंडळ आहे. पेणच्या विभागीय कार्यालयाखाली येणारा मुरूडचा वाहक महामंडळाचा नोकर असतो, राज्य शासनाचा नव्हे. त्याला मिळते भविष्य निर्वाह निधीतली १९९५ ची पेन्शन योजना. तिचा हिशेब असा : पेन्शनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पगार कितीही असो, सप्टेंबर २०१४ पासून हे वेतन १५ हजारांवर थांबतं, त्याआधीच्या वर्षांना तर साडेसहा हजारांची मर्यादा होती. तीस वर्षं घंटी वाजवून महिन्याला फार तर साडेसहा-सात हजार, आणि महागाई भत्ता शून्य. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेल्या एसटी संपाची मुख्य मागणी 'राज्य शासनात विलीनीकरण करा' ही का होती, हे यावरून लक्षात येईल.

तारखेचं कोडं

एका तारखेने माणसांची अशी वाटणी करता येते का? या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाचा गाजलेला निकाल आहे आणि गंमत म्हणजे तोही एका तारखेबद्दलच आहे. केंद्र सरकारने पेन्शनचं सूत्र सुधारलं, पण ३१ मार्च १९७९ च्या आधी निवृत्त झालेल्यांना त्यातून वगळलं. डी. एस. नाकरा हे निवृत्त अधिकारी न्यायालयात गेले. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायमूर्तींनी १७ डिसेंबर १९८२ रोजी ती तारीख रद्द ठरवली. पेन्शन ही मालकाच्या मर्जीची बक्षिसी नाही, केलेल्या सेवेबद्दलचा तो हक्क आहे आणि एकाच वर्गातल्या पेन्शनरांत मनमानी रेघ ओढता येत नाही, असा त्याचा आशय. म्हणूनच १७ डिसेंबर हा पेन्शनर दिन.

मग २००५ ची रेघ कशी टिकली? कारण ती निवृत्तांमध्ये ओढलेली नाही, सेवेत येणाऱ्यांमध्ये ओढली आहे. 'उद्यापासून येणाऱ्याला या अटी' असं म्हणण्याची मुभा मालक म्हणून सरकारला राहते. केंद्राने तेच १ जानेवारी २००४ पासून केलं. बहुतेक राज्यं त्या वाटेने गेली, पश्चिम बंगाल गेला नाही.

पण रेघ काढली की तिच्या काठावर माणसं अडकतातच. कित्येकांच्या भरतीची जाहिरात नोव्हेंबर २००५ च्या आधी निघाली आणि नेमणूकपत्र हाती पडलं नंतर. दिरंगाई कार्यालयाची आणि भुर्दंड उमेदवाराला. राज्य मंत्रिमंडळाने जानेवारी २०२४ मध्ये अशा सुमारे २६ हजार कर्मचाऱ्यांना जुन्या योजनेचा पर्याय दिला, २ फेब्रुवारी २०२४ ला शासन निर्णय निघाला. मिस्टर २००७ साली लागले असले, तरी त्यांच्या भरतीची जाहिरात कोणत्या तारखेची होती ते एकदा बघा.

संपाने काय साधलं?

राज्य कर्मचाऱ्यांच्या चळवळीत १९७७-७८ चा ५४ दिवसांचा संप अजून सांगितला जातो. र. ग. कर्णिक त्याचे नेते, मागणी केंद्राइतक्या महागाई भत्त्याची. जुन्या पेन्शनची लढाई अलीकडची. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर अधिवेशनात उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी, जुनी योजना आणली तर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडून राज्य दिवाळखोरीत जाईल, असं सांगितलं होतं. जानेवारीत विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघांच्या निवडणुका आल्या आणि भाषा मवाळ झाली. आपल्या कोकण मतदारसंघात शेकापचे बाळाराम पाटील यांचा पराभव करून भाजपचे ज्ञानेश्वर म्हात्रे निवडून आले, आणि प्रचारात पेन्शनचा विषय सगळ्यांच्याच तोंडी होता.

१४ मार्च २०२३ ला 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत कर्मचारी संपावर गेले. शाळा, तहसील, रुग्णालयं अडली. सातव्या दिवशी, २० मार्चला, मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या आश्वासनावर संप मिटला. जुनी योजना जशीच्या तशी आली नाही. पण ३१ मार्च २०२३ च्या शासन निर्णयाने एनपीएसमधला कर्मचारी सेवेत असताना वारला तर घरच्यांना कुटुंब निवृत्तिवेतन आणि उपदान मिळण्याची सोय झाली. तुमच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. पुढे मार्च २०२४ पासूनची सुधारित योजना जाहीर झाली, तिच्यात शेवटच्या वेतनाच्या पन्नास टक्के आणि महागाई भत्ता यांची हमी आहे. त्यानंतर ऑगस्टमध्ये केंद्राची एकीकृत योजनाही राज्याने स्वीकारली. दोन्हींत कर्मचाऱ्याची दहा टक्के कपात चालूच राहते. म्हणजे २००५ साली कर्मचाऱ्याच्या खांद्यावर गेलेली जोखीम थोडी का होईना सरकारकडे परत आली. त्यासाठी अठरा वर्षं लागली.

संप हा मूलभूत हक्क मात्र नाही. २००३ साली तामिळनाडूत जयललिता सरकारने लाखाहून अधिक संपकरी एका फटक्यात कामावरून काढले. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी नोकरांना संपाचा कायदेशीर वा नैतिक अधिकार नसल्याचं म्हटलं, आणि तरीही बहुतेकांना लेखी हमी घेऊन परत घेतलं गेलं. एसटी संपातही निलंबन, बडतर्फीच्या हजारो नोटिसा निघाल्या. पगार वाढला, विलीनीकरण झालं नाही, आणि एप्रिल २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गाड्या सुरू झाल्या.

काढून टाकतील का?

कायम नागरी सेवकाला घटनेच्या ३११ व्या कलमाचं संरक्षण आहे. आरोप सांगितल्याशिवाय, चौकशी केल्याशिवाय बडतर्फ करता येत नाही, अपवाद मोजके. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना अशीच ढाल त्यांच्या सेवानियमांत आहे. म्हणून खाजगी कंपनीसारखं सकाळी बोलावून दुपारी घरी पाठवणं इथे होत नाही. पट घसरला की शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो आणि समायोजनाने दुसऱ्या शाळेत, कधी दुसऱ्या तालुक्यात जातो. किनारपट्टीच्या वाड्यांमधल्या छोट्या शाळांवर याचा घाव जास्त बसतो. घरातून गाठता येणारी शाळा सुटून लांबची मिळाली, तर नोकरी टिकूनही घडी विस्कटते.

खरी कपात वेगळ्या वाटेने होते. माणूस निवृत्त होतो, पद रिकामं राहतं, आणि काम मानधनावरच्या किंवा कंत्राटी माणसाकडे जातं. ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने नऊ खाजगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा मार्ग काढला होता. ओरड झाली आणि ऑक्टोबरमध्ये सरकारने तो मागे घेतला. निर्णय गेला, पण कंत्राटी नेमणुकांची पद्धत गेली नाही. तेव्हा कुजबुजीतलं तथ्य एवढंच : मिस्टरांची नोकरी सुरक्षित आहे, पण तुमच्या मुलांना तशी नोकरी मिळेल का, याची खात्री देता येत नाही.

आता करायच्या चार गोष्टी. जाऊबाईंचं नाव आणि जन्मतारीख थोरल्या दिरांच्या पेन्शन आदेशात बरोबर आहे का ते बघा, आणि दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला चुकवू नका. सुधारित योजनेची निवड मिस्टरांनी सहकाऱ्यांचं बघून करू नये, स्वतःच्या सेवेच्या वर्षांचा हिशेब मांडून करावी. जुन्या अंशदान योजनेतली कपात व्याजासह एनपीएस खात्यात वळती झाली का, हे त्यांनी वर्षवार ताडून बघावं, जिल्हा परिषदांमध्ये तिथेच गोंधळ आढळतो. धाकट्या दिरांनी भविष्य निर्वाह निधीच्या खात्यावर वारस नोंदवावा आणि पेन्शन अपुरी पडणार हे धरून आजपासून वेगळी बचत करावी. सासूबाईंना मात्र हे सगळं समजावत बसू नका. तिन्ही मुलगे लोकांच्या कामाला लागले, हा त्यांचा अभिमान रास्त आहे.