बालकाचा श्वास मोजावा

धान्याच्या व्यापारात नुसत्या अदमासावर कोणी सौदा पुरा करीत नाही. मालाचा ओलावा पाहतात, काटा पाहतात, मगच पट्टी लिहितात. परंतु घरातील तान्ह्या मुलास खोकला झाला म्हणजे हीच सावध माणसे ‘सर्दी आहे, उतरेल’ असे म्हणून दोन-तीन दिवस दवडतात. न्यूमोनियात ही दिरंगाईच घातक ठरते. म्हणून श्वास मोजण्याची सोपी रीत प्रत्येक घरी ठाऊक असावी.

ही रीत आपल्या जुन्या अखंड आदिलाबाद जिल्ह्याला लागून, प्राणहितेपलीकडे असलेल्या गडचिरोलीत कसास उतरली आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८८ साली तेथील आरोग्यसेवक व दाया यांस न्यूमोनिया ओळखण्यास व औषध देण्यास शिकविले. निरक्षर दायांसाठी एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ व मणी यांचे साधन केले. दहा श्वासांस एक मणी सरकवावयाचा. १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले : तुलनेच्या गावांपेक्षा या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू ५४ टक्क्यांनी कमी होते.

मूल शांत असता, रडत वा दूध पीत नसता, त्याचे पोट व छाती उघडी करून सेकंदकाट्याच्या घड्याळावर पुरे एक मिनिट श्वास मोजावेत. पोट एकदा वर येऊन खाली गेले म्हणजे एक श्वास. पुढील संख्या किंवा तीहून अधिक भरल्यास श्वास जलद समजावा :

दोन महिन्यांखाली — ६०
दोन महिने ते एक वर्ष — ५०
एक ते पाच वर्षे — ४०

जलद श्वास आढळल्यास त्याच दिवशी डॉक्टरांस दाखवावे. दोन महिन्यांखालील बालकाचे श्वास पुन्हा मोजावेत; दुसऱ्यांदाही जलद भरल्यास त्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, ओठ निळसर होणे, दूध वा पाणी न घेणे, सर्व उलटून पडणे, झटके येणे, मूल सुस्त वा बेशुद्ध होणे, ही गंभीर लक्षणे होत. यांपैकी एकही दिसल्यास, मग श्वासांची संख्या काहीही असो, क्षणाचाही विलंब नको. अशा मुलास प्राणवायूची गरज पडू शकते. तान्ह्या बालकास ताप नसतानाही हा रोग असू शकतो, हे ध्यानी ठेवावे.

डॉक्टरांनी दिलेले औषध, मूल हसू-खेळू लागले तरी, सांगितलेल्या दिवसांपर्यंत पुरे द्यावे. अंगावरचे दूध चालू ठेवावे. पोटास डाग देणे, नाकात तेल घालणे, उरलेले जुने औषध पाजणे या गोष्टी सर्वथा टाळाव्यात. पहिले सहा महिने केवळ मातेचे दूध, चुलीच्या व विडीच्या धुरापासून बचाव आणि न्यूमोकोकल, पेंटाव्हॅलंट व गोवर यांच्या लसी वेळेवर टोचणे, हे प्रतिबंधाचे उपाय होत. सरकारी केंद्रांत या लसी विनामूल्य मिळतात.

आदिलाबादेत ‘रिम्स’ रुग्णालय आहे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका येते. तथापि आडगावी रात्री वाहन मिळणे कठीण असते. आपल्या दुकानावरील हमाल, मापाडी, गाडीवान यांची मुलेही आपलीच होत. त्यांच्या घरी ही माहिती पोहोचवावी आणि अडीनडीला दुकानाची गाडी विनासंकोच द्यावी. व्यापारी बंधूंनी एवढे केले तरी एखाद्या घरचा दिवा वाचेल.