फळीच्या अलीकडे बघ

सातारा

चि. संदीप यास,


तुझं पत्र पोचलं. क्रीडाशिक्षक म्हणून रुजू झालास आणि लगेच लांब उडीची पाच पोरं हाताशी घेतलीस, बरं वाटलं. पोरं साडेचार मीटरवर अडकलीत, पायांत ताकद कशी आणू, असं विचारतोस. आधी मला सांग, तू उभा कुठे राहतोस? वाळूच्या हौदाच्या कडेला ना, टेप घेऊन? तिथून हल. उडी वाळूत मोजतात, पण ती ठरते उडी घ्यायच्या फळीच्या अलीकडच्या दोन पावलांत.

फळी अवघी वीस सेंटिमीटर रुंद. नवं पोर तिच्याकडे बघत धावतं, शेवटी पावलं आखडतं आणि कमावलेला वेग तिथंच सांडतं. म्हणून रनअप पाठ करून घे. बारा-तेरा वर्षांच्या पोराला बारा पावलं पुष्कळ. फळीवरून उलट दिशेला धावायला लाव, बारावं पाऊल पडेल तिथं खूण कर. समोरून वारा असला की खूण थोडी पुढे घे. शेवटून दुसरं पाऊल किंचित लांब, कंबर जराशी खाली; शेवटचं आखूड आणि पूर्ण तळव्यावर. टाच रोवली की ब्रेक लागलाच. नजर समोर, फळीवर नाही. हे सगळं आधी सहा पावलांच्या रनअपवर घोटून घे.

पूर्ण रनअपच्या उड्या आठवड्यातून एकदाच, आठ-दहा. हे मी ठेच खाऊन शिकलो. जिल्हा स्पर्धेच्या तोंडावर एका मुलीकडून रोज तीस-तीस उड्या काढून घेतल्या. नडगी दुखते म्हणाली, तर मी म्हटलं, तेल चोळ. ती स्पर्धेला उतरली नाही आणि पुन्हा मैदानावरही आली नाही. तिहेरी उडीत तर एका पायावर वजनाच्या कित्येक पट भार येतो. वाढत्या वयाच्या पोरांना आधी गवतावर लंगडी आणि दोरीच्या उड्याच दे.

वॉर्म-अपला कधी फाटा देऊ नकोस. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपला एकोणीस वर्षांचा हेन्री रिबेलो तिहेरी उडीच्या अंतिम फेरीत पोचला होता. ऐन वेळी ताटकळावं लागलं, अंग गार पडलं, आणि पहिल्याच उडीला मांडीचा स्नायू फाटला. स्पर्धेच्या दिवशी पोरांची अंगं गरम ठेवणं हे तुझं काम, त्यांचं नव्हे.

साधनं नाहीत म्हणून रडू नकोस. नाशिक जिल्ह्यातल्या देवरगावचा सर्वेश कुशारे उंच उडी शिकला तो मक्याच्या भुशाच्या गादीवर. तोच २०२५ साली टोकियोच्या जागतिक स्पर्धेत २.२८ मीटर उडी मारून सहावा आला.

तुझ्याकडे निदान हौद तरी आहे. उद्या सकाळी पोरं यायच्या आत फावड्यानं वाळू भुसभुशीत कर, खडे वेच. मग टेप खिशात ठेव आणि फळीच्या बाजूला, दहा पावलं लांब जाऊन उभा राहा. आठवडाभर नुसते पाय बघ, आणि काय दिसलं ते मला लिही.

तुझा,
सर