नाल्याच्या पाण्यावरची पालेभाजी आणि मूत्रपिंडं

परतीचा पाऊस ओसरला, जमिनीला वाफसा आला की मेथी, पालक, शेपूचे वाफे पडू लागतात. शहरालगतच्या गावांत बाराही महिने हमखास मिळणारं पाणी म्हणजे नाला. त्यात मोटार टाकली की पालक काळाभोर, तजेलदार येतो, कारण सांडपाण्यात नत्र भरपूर. पण वरच्या अंगाला प्लेटिंग, बॅटरी किंवा रंगाचे कारखाने असतील, तर त्याच पाण्यातून कॅडमियम आणि शिसंही वाफ्यात येतं. ते ना पानाच्या रंगावरून कळतं, ना चवीवरून.

यातला कॅडमियम मूत्रपिंडाचा खास वैरी. तो मूत्रपिंडातल्या बारीक नलिकांमध्ये साठतो आणि त्यातला निम्मा बाहेर पडायलाच 10 ते 30 वर्षं लागतात. म्हणून रोज पोटात जाणारा अंश किरकोळ असला, तरी साठा वाढत राहतो. गाळलेल्या द्रवातली कामाची प्रथिनं परत शोषून घेणं हे या नलिकांचं काम. त्या बिघडल्या की प्रथिनं लघवीवाटे जाऊ लागतात. दुखत काहीच नाही. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं दिसेपर्यंत मूत्रपिंडाची निम्मी ताकद गेलेली असू शकते.

जपानमध्ये जिंझू नदीकाठच्या भातशेतीत कामिओका खाणीतला कॅडमियम उतरला. तो भात वर्षानुवर्षं खाणाऱ्यांची, त्यातही उतारवयाच्या बायकांची, मूत्रपिंडं निकामी झाली, हाडं पिचली. 1968 मध्ये तिथल्या सरकारने या ‘इताई-इताई’ आजाराचं कारण कॅडमियम असल्याचं मान्य केलं. आपल्याकडची मात्रा सहसा इतकी नसते, पण साठण्याची रीत तीच.

तेव्हा या हंगामात नाल्याच्या पाण्यावर पालेभाजी करूच नका, असं माझं स्पष्ट मत आहे. धातू फळापेक्षा पानात जास्त उतरतो आणि आत मुरलेला धातू धुऊन जात नाही. विहिरीचं पाणी पालेभाजीला राखा, नाल्याकडच्या तुकड्यात झेंडू किंवा निशिगंध घ्या. नाल्यातला गाळ खत समजून शेतात पसरू नका. धातू सगळ्यात जास्त त्या गाळातच बसलेला असतो. शहरी कचऱ्याचं कंपोस्ट घेताना तपासणी अहवाल मागा; खत नियंत्रण आदेशानुसार त्यात किलोमागे 5 मिलिग्रॅमपेक्षा जास्त कॅडमियम चालत नाही. स्फुरदयुक्त खतांतूनही तो थोडा थोडा येतो, म्हणून डीएपी, सुपर फॉस्फेट शिफारशीइतकंच द्या.

चुनखडीची काळी जमीन धातू बऱ्यापैकी धरून ठेवते. कोकणातली आम्लधर्मी जांभी जमीन तो पिकाला सहज सोडते. तिथे परीक्षण करून चुना द्यावा. जस्त कमी असेल तर पीक कॅडमियम अधिक उचलतं, त्यामुळे जस्ताची कमतरता भरून काढा. कुजलेलं शेणखत दोन्ही जमिनींत उपयोगी.

घरच्या बायकांच्या अंगात लोह कमी असेल तर त्यांचं शरीर कॅडमियम जास्त शोषतं, म्हणून हिमोग्लोबिन तपासून घ्या. विडी-सिगारेटच्या धुरातूनही तो थेट आत जातो. अंगदुखीवर ऊठसूट वेदनाशामक गोळ्या घेणं मूत्रपिंडावर आणखी भार टाकतं. वर्षाकाठी रक्तदाब, साखर आणि लघवीतली प्रथिनं तपासा. नलिकांमधून गळणारी प्रथिनं साध्या पट्टीच्या तपासणीत निसटू शकतात, तेव्हा शेत नाल्याच्या पाण्यावर आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

मृदा आरोग्य पत्रिकेतल्या 12 घटकांत कॅडमियम, शिसं नसतं. पेरणीआधी नमुना देताना जड धातूंची तपासणी वेगळी मागा, आणि माती गंजक्या किंवा जस्ताचा मुलामा दिलेल्या अवजाराने न काढता लाकडी खुरप्याने काढून स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत भरा.