खालची ई तार कुठे गेली?

साउंड चेक चालू होता. पुण्यातल्या एका मंडळाचा गणेशोत्सवातला कार्यक्रम, मराठी-हिंदी गाणी, मधे दोन लावण्या. मी बेस गिटारची खालची ई तार मोकळी वाजवली, तशी मिक्सरवरच्या दादांनी मान वर केली. “बेस चालू आहे ना रे?”

बेस चालू होता. वायर नीट होती, डीआय बॉक्स नीट होता, गिटारीतली बॅटरी त्याच दिवशी बदललेली होती. स्टेजच्या दोन्ही अंगांना अठरा इंची स्पीकरांचे सब उभे होते आणि त्यांतून येत होती नुसती टकटक. दोन दिवसांपूर्वी घेतलेलं कॉम्प्रेसर पेडल पायाने बंद केलं आणि तीच तार पुन्हा छेडली. आवाज पायांखालच्या फळ्यांत उतरला. दादा म्हणाले, “हां, हे ठेव. जे बंद केलंस ते पुन्हा लावू नकोस.”

कार्यक्रम पेडलशिवाय झाला. नंतर बरेच दिवस ते पेडल घरी उघडं ठेवून, कॉम्प्युटरला जोडून, वाजवून पाहिलं. त्यात बिघाड कुठलाच नव्हता, निवड चुकली होती. आणि नवे बेसवादक आजही अगदी तशीच निवड करताना दिसतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

कॉम्प्रेसरचं काम मुळात साधं. आवाज एका ठरावीक पातळीच्या, म्हणजे थ्रेशोल्डच्या वर गेला की तो दाबायचा. किती दाबायचा ते रेशो ठरवतो: रेशो ४:१ असेल, तर थ्रेशोल्डच्या वर ८ डेसिबल उसळलेला सूर बाहेर पडताना २ डेसिबलच वर राहतो. किती चटकन दाबायचा तो अटॅक, दाब किती वेळाने सोडायचा तो रिलीज. दाबल्यामुळे एकूण पातळी उतरते, ती शेवटी आउटपुटच्या नॉबने पुन्हा उचलून घ्यायची. हे तंत्र आधी रेडिओच्या कामाचं होतं. बोलणाऱ्याचा आवाज अचानक चढला तरी प्रक्षेपण फाटू नये, एवढाच हेतू. पुढे ते स्टुडिओत आलं. १९६०च्या दशकात जिम लॉरेन्स यांनी टेलेट्रॉनिक्सचं एलए-२ए बनवलं. त्यात आवाज वाढला की आतली एक पट्टी उजळते, तो प्रकाश रोधकावर पडतो आणि आवाज हळुवार दबतो. १९६७मध्ये बिल पटनम यांचं ११७६ आलं, ते याच्या उलट, विजेच्या वेगाने पकडणारं. ध्वनिमुद्रणात बेसवर आजही ही दोन यंत्रं किंवा त्यांच्या नकला लावतात.

बेसला याची गरज का पडते, हे कुठल्याही वाद्यवृंदात दिसतं. ढोलकी आणि ऑक्टोपॅड जोरात असतात, गायकाचा आवाज वर असतो आणि बेसने खाली सतरंजीसारखं अंथरलेलं राहायचं असतं. पण बोटं सारखी पडत नाहीत. दमल्यावर तर्जनी जड पडते, मधलं बोट हलकं. ‘जी’ तार ठसठशीत बोलते, ‘ए’ तार एखाद्या पडद्यावर मुकी वाटते. स्लॅप वाजवला की अंगठ्याचा एक ठोका बाकीच्या सुरांच्या दुप्पट उडी मारतो. चांगला कॉम्प्रेसर या उड्या आवरतो आणि सूर थोडे लांबवतो. ऐकणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही, आणि तसंच हवं.

आता दुकान. मी गेलो तेव्हा स्वतःची गिटार नेली नव्हती. तिथल्याच एका बेसवर, आठ इंची स्पीकरच्या सरावाच्या ॲम्पवर पेडल लावून पाहिलं. दोनच नॉब: एक सस्टेन, एक लेव्हल. पेडल चालू करताच आवाज भरदार झाला, जवळ आला, अंगाला भिडला. बंद केलं की फिका. चालू, बंद, चालू, बंद, चार वेळा केलं आणि पैसे दिले. घरी गेल्यावर लक्षात आलं की लेव्हलचा नॉब मधल्या खुणेच्या बराच पुढे होता. पेडलने आवाज सुधारला नव्हता, मोठा केला होता. माणसाच्या कानाला खालचे सूर मुळातच कमी ऐकू येतात आणि एकूण आवाज वाढला की ते प्रमाणाबाहेर अधिक भरतात; बेल लॅबोरेटरीजच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्येच हे मोजून मांडलं होतं. म्हणून बेसच्या बाबतीत ‘मोठा’ आणि ‘चांगला’ यांची गल्लत गिटारपेक्षाही लवकर होते.

त्यात तो छोटा ॲम्प. बेसची खालची मोकळी ई तार ४१ हर्ट्झला कंपते, ए ५५ला, डी ७३ला, जी ९८ला. आठ इंची सरावाचा ॲम्प ४१ हर्ट्झ धडपणे देऊच शकत नाही. आपल्याला ऐकू येतात ते त्या सुराचे वरचे स्वरांश, ८२ आणि १२३ हर्ट्झच्या आसपासचे, आणि उरलेला पाया मेंदू स्वतःच भरून काढतो. पेडलने पाया खाल्ला तरी त्या ॲम्पवर कळायला मार्गच नव्हता. कळलं ते अठरा इंची सबवर, मंडपात.

पाया खाल्ला कसा, हे कळायला मला वेळ लागला. साध्या गिटारची सर्वांत खालची तार ८२ हर्ट्झची, बेसच्या बरोबर एक सप्तक वर. गिटारसाठी बनवलेल्या स्वस्त पेडलमध्ये त्याखालचा भाग वाया गेला तरी गिटारवाल्याला फरक पडत नाही, उलट आवाज स्वच्छ वाटतो. त्यामुळे काही सर्किटांत खालचा भाग गाळलेलाच असतो. दुसरी गोष्ट, खालच्या सुरांत ताकद सर्वांत जास्त. कॉम्प्रेसरला ती ताकद दिसते आणि तो अख्खा आवाज खाली ढकलतो, वरच्या तारांचा ठसठशीतपणाही त्यासोबत जातो. आणि तिसरी गोष्ट रिलीजची. ४१ हर्ट्झचं एक कंपन पूर्ण व्हायला सुमारे २४ मिलिसेकंद लागतात. रिलीज त्याच्या आसपास किंवा त्याहून जलद असला, तर कॉम्प्रेसर एकाच कंपनाच्या आत दाबतो-सोडतो आणि सुराला खरखर येते. गिटारवर तोच रिलीज खपून जातो.

एवढं समजलं की बाजारातली पेडल्स वेगळ्या नजरेने दिसू लागतात. स्वस्तात मिळणारी दोन किंवा तीन नॉबची बरीचशी पेडल्स १९७०च्या दशकातल्या एमएक्सआर डायना कॉम्प आणि रॉस कॉम्प्रेसर यांच्या वंशातली आहेत. डायना कॉम्पला मूळचे नॉब दोनच, आउटपुट आणि सेन्सिटिव्हिटी. अटॅक आतच ठरलेला. गिटारच्या सुट्ट्या, चमकत्या सुरांसाठी ही घडण फार सुंदर आहे. बॉसचं १९८६ सालचं सीएस-३ त्यात अटॅक आणि टोन देतं, तेही मुख्यतः गिटारवाल्यांचं. बेससाठी म्हणून घडवलेली पेडल्स वेगळी. बॉसच्या एलएमबी-३वर थ्रेशोल्ड आणि रेशो हे स्वतंत्र नॉब आहेत, आणि बेहरिंगरचं बीएलई४०० त्याच आखणीचं स्वस्त पेडल आहे. एमएक्सआरच्या एम८७वर अटॅक, रिलीज, रेशो, इनपुट, आउटपुट असे पाचही नॉब आहेत. रेशोचे आकडे ४, ८, १२ आणि २० थेट त्या ११७६वरून आलेले. टीसी इलेक्ट्रॉनिकचं छोटं स्पेक्ट्राकॉम्प एकाच नॉबचं असलं, तरी ते आवाजाचे पट्टे वेगवेगळे करून दाबतं, म्हणून खालची तार वाजली तरी वरचा आवाज मरत नाही.

मला स्वतःला एका गोष्टीचा आग्रह धरावासा वाटतो: मीटर. पेडल या क्षणी किती डेसिबल दाबतं आहे ते दाखवणारी दिव्यांची ओळ. एम८७वर ती आहे, बॉसच्या बीसी-१एक्सवर आहे. कॉम्प्रेसर हे एकच असं पेडल आहे जे नीट लागलं की ऐकू येत नाही; नवशिक्याला कळतच नाही की ते काम करतं आहे की नाही, मग तो सस्टेन फिरवत जातो आणि सुराचा ठोका चेपून टाकतो. दिवे दिसले की हात आपोआप थांबतो. पैसे थोडे असतील, तर मीटर नसलेल्या नव्या पेडलपेक्षा मीटर असलेलं वापरलेलं पेडल घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. वापरलेलं घेताना नॉब फिरवताना खरखर येते का, पायाचं बटण प्रत्येक वेळी लागतं का आणि अडॉप्टरची खाच हलते का, एवढं तरी बघावं.

दुकानात जाताना आपली गिटार घेऊन जावी, विशेषतः ती ॲक्टिव्ह असेल तर. बॅटरीवरच्या प्रीॲम्पमुळे तिचा आवाज मुळातच चढा असतो आणि काही स्वस्त पेडल्स तेवढ्यानेच फाटतात. मोठ्या स्पीकरचा ॲम्प मागावा, दहा इंची चार किंवा पंधरा इंची एक. दुकानदार नाही म्हणाले तर निदान चांगला बंद हेडफोन. आधी पेडल चालू आणि बंद, दोन्ही वेळा आवाज सारखा येईल असा लेव्हलचा नॉब लावावा. यात पाच मिनिटं गेली तरी चालतील. मग मोकळी ई तार वाजवून ती विझेपर्यंत ऐकावी, लगेच बाराव्या पडद्यावरची जी वाजवावी. पेडल चालू केल्यावर ईचं पोट कमी झालं, तर ते पेडल तिथेच ठेवून यावं. शेवटी तारा हाताने दाबून पूर्ण गप्प बसावं आणि फक्त कान द्यावा. आउटपुट १० डेसिबल उचललं की वायरची गुणगुण, पिकअपचा आवाज, ट्यूबलाइटचा घोंघाट सगळं १० डेसिबलने वर येतं. माझ्या पहिल्या पेडलमध्ये सूर थांबल्यावर अर्ध्या सेकंदाने समुद्राच्या लाटेसारखी सळसळ उठायची. घरी ती ऐकू आली होती, पण मंडपात कोणाला कळणार, असं मला वाटलं होतं.

खरेदीच्या आधी फुकटात शिकण्याची सोय आहे, ती बहुतेक जण वापरत नाहीत. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरवाल्यांचा रीकॉम्प हा प्लगइन विंडोजवर मोफत मिळतो. स्वतःचा बेस रेकॉर्ड करून त्यावर थ्रेशोल्ड, अटॅक, रिलीज फिरवत आठ दिवस काढले, की दुकानात कशाला कान द्यायचा ते कळतं. अटॅक अगदी कमी ठेवून बोटाचा ठोका नाहीसा होताना ऐकणं आणि तो ३०-४० मिलिसेकंदांवर नेल्यावर ठोका परत येताना ऐकणं, एवढा एक धडाही पुरेसा मोठा आहे. ज्यांच्याकडे झूम बी१ फोरसारखं मल्टिइफेक्ट्स आहे, त्यांच्याकडे कॉम्प्रेसर आधीच आहे. वेगळं पेडल घेण्याआधी तो नीट लावून पाहावा. कार्यक्रमात मिक्सर डिजिटल असेल, बेहरिंगर एक्स३२सारखा, तर तिथे प्रत्येक चॅनलला कॉम्प्रेसर असतोच. साउंडवाल्यांना आधी विचारावं, “दादा, तुम्ही बेसवर कॉम्प्रेसर लावणार आहात का?” दोघांनीही कचकचून दाबलं की बेस सपाट होतो.

अडॉप्टरवर वाचवलेले पैसे मात्र हमखास वाया जातात. बहुतेक पेडल्सना ९ व्होल्टचा, मधली पिन ऋण असलेला अडॉप्टर लागतो. पुण्यात बुधवारातल्या पासोड्या विठोबाजवळच्या किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांत मधली पिन धन असलेलेही मिळतात, दिसायला हुबेहूब. घेताना छापलेलं चिन्ह बघावं. उलट्या पिनेने काही पेडल्स कायमची जातात. एकाच वायरीवर चार-पाच पेडल्स लावली आणि त्यांत एखादं डिजिटल असलं, की जी बारीक शीळ येते ती कॉम्प्रेसर उचलून पुढे देतो. क्रमाचं म्हणाल तर ट्यूनर, मग कॉम्प्रेसर, मग ओव्हरड्राइव्ह हा क्रम बहुतेकांना मानवतो. अपवाद बोटाच्या जोरावर उघडणाऱ्या फिल्टरचा. तो कॉम्प्रेसरच्या आधी हवा, नाहीतर त्याला जोरात आणि हळू यांतला फरकच मिळत नाही.

मी शेवटी वापरलेलं एम८७ घेतलं. रेशो ४वर. हलक्या सुरांना एकही दिवा लागत नाही, जोरातल्या सुरांना ३ ते ६ डेसिबलपर्यंत दिवे जातात, इनपुट तिथे थांबवून नॉबांशेजारी कागदी टेपवर पेनाने खुणा केल्या आहेत. लावणीच्या वेळी इनपुट थोडा मागे घेतो, कारण तिथे ढोलकीच्या बोलाबरोबर बेसचा ठोकाही उघडा ऐकू यायला हवा. पहिलं पेडल ग्रुपमधल्या गिटारवाल्या मुलाला दिलं. संथ गाण्यांत तो तारा एकेक करून छेडतो तेव्हा ते पेडल लावतो, आणि सूर अंतऱ्याच्या ओळीपर्यंत टिकतात.