आधी पंजा मोजून पाठव

काल रात्री तुझा फोन ठेवला आणि मला झोप लागेना. अडीच लाखांचं पिस्तूल, त्यातले निम्मे पैसे आईच्या पाटल्या मोडून, उरलेले हप्त्यानं. आणि तू रेंजवर जायला लागून झालेत जेमतेम चार महिने. फोनवर आई शेजारीच बसली होती म्हणून मी गप्प राहिले. आता मुलं शाळेत गेलीत, घर शांत आहे. इथून जवळच पीएसीची, म्हणजे इथल्या सशस्त्र पोलीस दलाची, 35वी बटालियन आहे. लग्न होऊन लखनौला आले तेव्हा या महानगरात माझ्या ओळखीचं असं काही नव्हतं, पण त्या फाटकावरून जाताना कोल्हापूरच्या एनसीसी कॅम्पातला पहिला नेम आठवायचा. त्या आठवणीनंच मी वयाच्या तिशीत पुन्हा पिस्तूल हातात धरलं. म्हणून हे सगळं तुला मीच सांगायला हवं.

तू पाठवलेला व्हिडिओ पाहिला. धावत जायचं, वळायचं, एकामागून एक लक्ष्यं टिपायची, आणि मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं. त्याला प्रॅक्टिकल शूटिंग म्हणतात. त्याची जागतिक संघटना 1976 साली अमेरिकेतल्या कोलंबिया गावी उभी राहिली. बघताना अंगावर काटा येतो, खरं आहे. पण तुझ्या क्लबात, राज्य स्पर्धेत आणि पुढे नॅशनलला ज्याची वाट तुला उघडी आहे, त्यात याच्या सगळ्यात जवळ जाणारा प्रकार म्हणजे 25 मीटर पिस्तूल. त्याच्या रॅपिड फेरीत हात 45 अंशांवर खाली धरून उभं राहायचं, लक्ष्य तीन सेकंद दिसतं, तेवढ्यात हात उचलून एक गोळी. मग सात सेकंद थांबायचं, पुन्हा तीन सेकंद. आपल्या राही सरनोबतनं 2018 च्या एशियाडमध्ये यातच सुवर्ण घेतलं. थायलंडच्या मुलीशी बरोबरी झाली, शूट-ऑफ झाला, तोही बरोबरीत सुटला, मग दुसरा. त्या दुसऱ्या शूट-ऑफमध्ये तिचा हात तिनं शेकडो दिवस केलेलंच करत होता, नवीन काहीच नाही. एशियाडच्या नेमबाजीत सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय बाई आपल्या कोल्हापूरची, हे मी इथे ओळखीच्या प्रत्येकीला सांगत असते.

पण .22 चं पिस्तूल म्हणजे परवाना, कागदपत्रं, आणि ती वाट बरीच लांबची. एअर पिस्तुलाचं तसं नाही. .177 बोअर आणि 20 ज्यूलच्या आत ताकद असेल तर 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. म्हणून दहा मीटरपासून सुरू कर, आणि तिथे निदान वर्षभर रमून जा. साठ गोळ्या, 75 मिनिटं, आणि दहाचं वर्तुळ फक्त साडेअकरा मिलिमीटरचं, आपल्या शर्टाच्या बटणाएवढं.

आता पिस्तुलाचं. मॉरिनी की स्टायर, वॉल्थर की पार्दिनी, हे तू विचारलंस. चारही उत्तम आहेत आणि चारही तुझ्यापेक्षा चांगला नेम मारतात, माझ्यापेक्षाही. बाकावर घट्ट बसवून झाडलं तर एकाच भोकातून गोळ्या जातात. मग तुझे आठ आणि सात कुठून येतात? बोटातून. म्हणून अजून सहा-आठ महिने क्लबचंच पिस्तूल वापर, पण रोज तेच एक मागून घे. तोपर्यंत चांगले पेलेट घ्यायला पैसे खर्च कर आणि डोळे तपासून घे. डॉक्टरांना सांग, मला पुढची साइट लख्ख दिसायला हवी, लक्ष्य धूसर दिसलं तरी चालेल. नवख्या पोरी लक्ष्याकडे बघत बसतात, तूही बघत असणार. आणि तुझा जोर कुठल्या डोळ्याचा आहे ते पाहिलंस का? दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या दिव्यावर बोट धर, मग एकेक डोळा मीट. ज्या डोळ्यानं बोट जागेवर राहतं तो तुझा. नेमाच्या हाताच्या उलट बाजूचा निघाला तर आत्ताच कोचला सांग, दोन वर्षांनी नको.

माझी चूक सांगते, कारण ती अजून सलते. पहिलं पिस्तूल मी जुनं घेतलं, एकाच्या बोलण्यावर भुलून. लाकडी ग्रिप चकचकीत, पेटी नवी. सिलिंडरवर कोरलेली तारीख मी बघितलीच नाही. या हवेच्या सिलिंडरांना मुदत असते, साधारण दहा वर्षांची, आणि ती उलटली की सामन्याआधीच्या तपासणीत ते चालत नाही. माझ्याला चार महिने उरले होते. वर ग्रिप मोठ्या मापाची. माझा पंजा आत हलायचा, प्रत्येक वेळी मनगट वेगळं बसायचं, आणि मी वर्षभर स्वतःला दोष देत राहिले की माझ्यात दमच नाही. रडले होते गं, त्या रेंजच्या पायरीवर. नंतर एका ज्येष्ठ नेमबाजानं कानस घेऊन ग्रिप घासून दिली, जिथे पोकळी होती तिथे पुट्टी भरली, आणि त्याच आठवड्यात माझे गुण वर गेले. म्हणून जुनं घ्यायला माझी ना नाही, पण सिलिंडरची तारीख, ग्रिपचं माप, ट्रिगर 500 ग्रॅमचं वजन उचलतो का, हे तिन्ही स्वतः बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

यंत्र कितीही महागाचं असो, बिघडतं. टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरचं पिस्तूल भर पात्रता फेरीत बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला, 575 वर ती थांबली आणि दोन गुणांनी अंतिम फेरी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसला तीच मुलगी दोन पदकं घेऊन आली. तिच्याकडे बघून मी सामन्याच्या पिशवीत सुट्या भागांची छोटी डबी ठेवायला लागले.

सराव कसा करायचा ते नीट ऐक. रोज गोळी झाडायची गरज नाही. घरी पांढऱ्या भिंतीसमोर उभी राहा, पेलेटचा डबा दुसऱ्या खोलीत, पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा पाहून. वीस मिनिटं ड्राय मार. समोर लक्ष्य नसलं की डोळ्याला साइटशिवाय बघायला काही उरत नाही, आणि ट्रिगर ओढताना पुढची साइट किती हलते ते लगेच कळतं. डोळे मिटून हात उचल, मग उघड. हात भलतीकडे गेला असेल तर हात वळवू नकोस, पाय सरकव. आणि सगळ्यात अवघड गोष्ट : आठ सेकंदांत गोळी सुटली नाही तर हात खाली घे. मनात येतं, आता उचललाय तर मारूनच टाकू. तीच गोळी सातात जाते. हात खाली घेता यायला मला दोन वर्षं लागली. रॅपिडची ओढ असेल तर आठवड्यातून दोनदा फोनवर तीन आणि सात सेकंदांचा टायमर लाव, आणि हात वर येत असतानाच ट्रिगरचा पहिला टप्पा घ्यायला शीक.

इथल्याच उत्तर प्रदेशात बागपत जिल्ह्यात जोहरी गाव आहे. तिथल्या चंद्रो तोमर, शूटर दादी, नातीला सोबत म्हणून रेंजवर गेल्या तेव्हा साठी ओलांडली होती. घरच्या पुरुषांना कळू नये म्हणून पाण्यानं भरलेला जग हातात धरून त्या हात स्थिर करायच्या. 2021 मध्ये कोविडनं त्या गेल्या, त्या दिवशी मी स्वयंपाकघरात जग भरून हात लांब केला आणि किती वेळ राहतो ते बघितलं. तूही बघ. एक मिनिटही नीट राहत नसेल तर अडीच लाखांचं पिस्तूलही राहणार नाही.

आईपुढे बोलता आलं नाही ते आता. पाळी आली की माझा होल्ड दोन दिवस ढिला पडतो, पाठ दुखते, चिडचिड होते. तुझंही होत असेल तर डायरीत लिही. कोच पुरुष आहे म्हणून लाजू नकोस, एवढंच सांग की आज हलका सराव करते. डायरीत गुणांपेक्षा हे लिही : किती वेळा हात खाली घेतला, झोप किती झाली, काय खाल्लं. आणि पेलेट शिशाचे असतात, हात साबणानं धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात लावायचा नाही. बूट घोट्याच्या खालचे आणि सपाट तळव्याचे घे. पिस्तुलात घोटा झाकणारे चालत नाहीत.

पुढच्या वर्षी राज्य स्पर्धेत पात्रतेचे गुण आले की मग मावळणकर. ती स्पर्धा गणेश वासुदेव मावळणकरांच्या नावाची आहे, लोकसभेचे पहिले सभापती. 1951 मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना उभी राहिली तेव्हा पहिले अध्यक्ष तेच होते. तिथवर पोचलीस की पिस्तूल आपण दोघी मिळून घेऊ. निम्मे पैसे माझे. बांगड्या-पाटल्या आईच्या हातातच राहू देत.

दिवाळीत पुष्पक एक्सप्रेसनं येतेय मी. कानस आणि पुट्टी माझ्या पेटीत असतील. तोवर एक कर : कोऱ्या कागदावर उजवा पंजा बोटं जुळवून ठेव, कडेनं पेन्सिल फिरव, मधल्या बोटाच्या टोकापासून मनगटाच्या रेषेपर्यंतची लांबी मिलिमीटरमध्ये लिही, आणि फोटो मला आजच पाठव.